गुरुवारचा ग्रुप

झुलेखाच्या दुकानात वर्षाली साडीला फॉल लावत बसली होती. झुलेखा गल्ल्यावरून उठली, आपला मोबाइल तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "विजयश्री मॅडम." मग दुकानाचा पडदा अर्धा ओढून ती बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.

विजयश्री मॅडम आकुर्डीच्या एका संस्थेत होत्या. बायकोवर हात उचलणाऱ्या पुरुषांचा एक ग्रुप ती संस्था चालवायची. या भागातल्या बऱ्याच कंपन्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून ग्रुपही गुरुवारीच भरायचा. वर्षालीचा नवरा समाधान चाकणला एका कंपनीत प्रेस मशीनवर होता आणि दिवाळीनंतर त्या ग्रुपला जायला लागला होता. तिथे कोण काय बोलतं ते बायकोला सांगायचं नाही, हा मॅडमचा नियम. "पण तो येतो की नाही हे तुम्हाला कळलंच पाहिजे," असं त्या पहिल्या भेटीत म्हणाल्या होत्या. फोन मात्र त्या झुलेखाच्या मोबाइलवर करायच्या. वर्षालीचा मोबाइल समाधान रोज चाळायचा.

"वर्षाली, समाधान आज आले नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मागच्या गुरुवारीही नव्हते. घरी ठीक आहे ना सगळं?"

वर्षालीच्या बोटांत सुई तशीच राहिली. सकाळी त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आरशासमोर केस विंचरले होते. "ग्रुपला चाललो," असं दारातून ओरडून सांगून गेला होता. आणि मागच्या गुरुवारी तर रात्री जेवताना त्याने ग्रुपमध्ये काय काय झालं ते रंगवून सांगितलं होतं.

"ऐकताय ना?"

"हो."

"आम्ही त्यांना फोन करून विचारू शकतो. पण तुम्ही म्हणालात तरच. विचारल्यावर घरात काय होईल, हे तुमच्याएवढं आम्हाला कळणार नाही."

"नको," वर्षाली पटकन म्हणाली. "त्याला वाटेल मीच चुगली केली. आत्ता नको."

"बरं. नाही करत. पण भीती वाटली की कुणाच्याही फोनवरून कळवा. वेळ बघू नका."

फोन ठेवला तेव्हा चार वर्षांची योगिनी दुकानाच्या कोपऱ्यात चिंध्यांची बाहुली करत बसली होती. तिने मान वर करून आईकडे बघितलं आणि परत खेळायला लागली.

दिवाळीच्या आदल्या दिवशी समाधानने वर्षालीला भिंतीला दाबून धरलं होतं. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात तिच्या गळ्यावर आडवा. कारण एवढंच, की त्याच्या कंपनीतला एक जण फराळाला आला होता आणि वर्षाली त्याच्या बोलण्यावर हसली होती. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा तिला वाटलं, संपलं. खालच्या मजल्यावरची घरमालकीण शालनबाई दार बडवत ओरडली, म्हणून तो हात निघाला. नंतर कितीतरी दिवस वर्षालीचा आवाज घोगरा होता. ती मुलीला घेऊन परतूरला भावाकडे गेली. समाधान मागोमाग आला, भावासमोर ढसाढसा रडला. भावजयीच्या कपाळावरची आठी तर पहिल्या आठवड्यातच दिसायला लागली होती. त्या दिवसांत झुलेखाने फोनवर सांगितलं, माझा भाऊ बरकत एका ग्रुपला जातो, आधी स्वतःसाठी जायचा, आता दुसऱ्यांना घेऊन जातो. समाधान तिथे जाणार असेल तर ये. वर्षालीने तीच अट घातली. समाधानने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं.

आणि सुरुवातीला तो खरंच गेला. राग आला की "मी जरा बाहेर जाऊन येतो" म्हणायचा आणि काळेवाडी फाट्यापर्यंत चालून यायचा. वर्षालीला भांडी घासताना पाठ दाराकडे करता यायला लागली होती.

मॅडमचा फोन आला त्या संध्याकाळी समाधान जिलबी घेऊन आला. योगिनीला मांडीवर घेतलं. "आज ग्रुप एकदम भारी झाला," तो म्हणाला. "बरकतभाऊ म्हनले, समाधान, तू लय सुधारलास."

वर्षाली पोळ्या लाटत होती. ती "हं" म्हणाली.

"हं काय? विचार ना, अजून काय झालं."

"काय झालं?"

"हेच की, नवरा सुधारत असला तर बायकोनंबी त्याला चिडवू नये. उलट बोलू नये. मॅडमनं सोताच सांगितलं." तो तिच्या पाठीकडे बघत होता, तिला ते न बघता कळत होतं. "पटत नाही वाटतं तुला?"

"पटतं की."

"मग गप कामून?"

"पोळी करपेल म्हणून."

तो हसला. तिनेही हसून दाखवलं. लाटणं हातातून निसटू नये म्हणून तिने ते घट्ट धरलं. तो खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं. तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. आता पुढचं प्रत्येक वाक्य जपून बोलायचं होतं. काही विचारलं नाही तर संशय, जास्त विचारलं तरी संशय.

जेवण झाल्यावर तो मुलीच्या केसांतून बोटं फिरवत म्हणाला, "योगू, आज मम्मीला कुणाचा फोन आला होता?"

"मम्मीच्या फोनवर नाही," योगिनी म्हणाली. "झुलेखाखालाच्या फोनवर मम्मी बोलली."

वर्षालीने उरलेल्या पोळ्या डब्यात ठेवल्या.

समाधानची बोटं थांबली नाहीत. आवाजही चढला नाही. "कुणाशी गं?"

"गिऱ्हाईक होतं," वर्षालीच मधे म्हणाली. "ब्लाउज घट्ट झालाय म्हणत होती. झुलेखाताई मापं घेत होत्या म्हणून मी घेतला."

"गिऱ्हाईकानं तुझ्याशीच बोलायचं?"

"शिवला मीच होता ना तो."

समाधानने मुलीला झोपवलं, तिच्या अंगावर चादर सारखी केली, वर्षालीचा मोबाइल उचलून स्वतःच्या खिशात घातला आणि म्हणाला, "उद्यापासून दुकान बंद. घरीच राहा. माझा पगार पुरतो आपल्याला."

आरडाओरडा नाही, शिवी नाही, हातही उचलला नाही. दिवाळीच्या आधीही असंच झालं होतं. दोन दिवस तो मऊ आवाजात बोलत होता आणि त्यानंतर तिचा गळा त्याच्या हाताखाली आला होता. तिला पुढचं दिसत होतं. फक्त कधी, ते कळत नव्हतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली आणि त्याच्या श्वासाकडे कान लावून राहिली.

सकाळी तो पहिल्या शिफ्टला निघाला. वर्षालीने डबा दिला. दार ओढून घेतल्यावर बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मग कुलूप.

"अहो," ती आतून म्हणाली, "कडी लागली वाटतं."

"मीच लावली. गल्लीत चोऱ्या वाढल्यात." त्याची पावलं जिना उतरून गेली.

योगिनी उठली, दूध प्यायली आणि शाळेत जायचं नाही का विचारत राहिली. वर्षाली खिडकीशी उभी राहिली. खिडकी मागच्या बोळात उघडायची. ओरडलं तर गल्लीभर होईल, कुणीतरी समाधानला फोन लावेल, तो कंपनीतून निघेल. न ओरडावं तर तो संध्याकाळी येईल. या दोन्हींत कमी भीती कशाची, हेच तिला ठरवता येईना. शेवटी शालनबाई धुणं वाळत घालायला बोळात आली तेव्हा ती गजांना तोंड लावून हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, वर या. बाहेरून कुलूप आहे."

शालनबाईने वर बघितलं. हातातला ओला टॉवेल तिने तसाच बादलीत टाकला. जिन्यात तिची पावलं वाजली, मग कुलपात किल्ली फिरली. घरमालकीण म्हणून खोलीच्या कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे असायची.

"त्यानं कोंडलं व्हय गं तुला?" दारात उभी राहून ती म्हणाली. "दिवाळीला आमी वर आलो म्हनून तू वाचलीस. आता पुन्यांदा न्हाई हां मी बघत बसनार."

"मावशी, तुमचा फोन द्या."

विजयश्री मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज बदलला. "एकदा गळा दाबणारा माणूस पुन्हा गळ्यावरच येतो, वर्षाली. फोन काढून घेतला, कोंडलं, याचा अर्थ वेळ कमी आहे. तुम्हाला निघायचंय का? निर्णय तुमचा."

वर्षालीने योगिनीकडे बघितलं. "निघते," ती म्हणाली.

"मी रिक्षा घेऊन येते. जागा ठरलेली आहे, पत्ता कुणालाही सांगायचा नाही. भावालाही नाही. दुसरं एक विचारते. समाधान संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरतील तेव्हा बरकत आणि ग्रुपमधले एक-दोघे त्यांना तिथेच गाठतील. रिकाम्या खोलीत त्यांनी एकट्याने शिरू नये म्हणून. चालेल?"

"ते काय करणार?"

"बोलतील. सोबत बसतील. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार."

"चालेल," वर्षाली म्हणाली. पुरुषांनी पुरुषाशी बोलून काय होणार, हे तिला कळत नव्हतं. पण तो एकटा नसेल, एवढं तिला पुरेसं वाटलं.

तिने मुलीचे कपडे, आधार कार्डं आणि जन्मदाखला एका पिशवीत भरला. शालनबाईने खोलीला परत कुलूप घातलं आणि मायलेकींना खाली आपल्या स्वयंपाकघरात नेलं. योगिनीला तिथे चटईवर झोप लागली. मॅडमची रिक्षा चिंचवडला गर्दीत अडकली होती.

मग शालनबाई खिडकीतून मागे सरली. "आला," ती म्हणाली.

समाधान अर्ध्या शिफ्टमध्येच परत आला होता.

तो जिना चढला. वर्षाली ओट्याच्या खाली, पिठाच्या डब्याशेजारी मुलीला कुशीत घेऊन बसली. वर कुलूप निघालं. दार उघडलं. डोक्यावरच्या छतावर पावलं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि थांबली. पाठोपाठ काहीतरी जोरात आपटलं. योगिनीने झोपेत अंग आखडलं. वर्षालीने तिच्या कानावर तळहात ठेवला.

पावलं खाली आली. शालनबाईच्या दारावर थाप पडली.

"मावशी, वर्षाली कुठंय?"

"मला काय म्हाईत? कुलूप तूच घालून गेलास की."

"कुलूप होतं. आत नाही ती. किल्ली तुमच्याकडंच हाय." मऊ आवाज आता नव्हता. "सरका. मला आत बघू द्या."

"माझ्या घरात पाय ठिवायचा न्हाई."

दार कुरकुरलं. वर्षालीने डोळे मिटले. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी नव्हती, नुसता पडदा होता. पडद्याखाली त्याचे कंपनीचे बूट दिसतील, या भीतीने तिने खाली बघायचंही टाळलं.

गल्लीत मोटारसायकल येऊन थांबली.

"समाधान भाऊ." बरकतचा आवाज. तो डांगे चौकातल्या आपल्या गॅरेजमधून आला होता. समाधान गल्लीत शिरताना झुलेखाने दुकानातून बघितलं होतं आणि भावाला फोन केला होता. "बाहेर ये. मावशींच्या दारातून आधी खाली उतर."

"भाऊ, तुम्ही मधी पडू नका. माझी बायको पळालीय."

"आधी खाली उतर."

मग बूट फरशीवरून मागे सरकले.

"कुठंय ती? तुम्हाला ठाऊक असंल."

"ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं. आणि तुला खोटं सांगून फसवणारही नाही. ती तुझ्यापासून लांब गेलीय. तू कोंडलंस म्हणून गेलीय."

"मी हात तरी लावला का तिला? इचारा तिला! ग्रुपला जातो, शिव्या देत नाही, अजून काय पायजे?"

"दोन गुरुवार कुठे होतास रे भावा?"

वर्षालीला वाटलं, आता तो म्हणेल, तिनंच सांगितलं. आता आत येईल.

"खुर्ची मोकळी होती, मला दिसत होती," बरकत म्हणाला. "कुणी सांगावं लागत नाही. तिथं बसून स्वतःचं सांगायची वेळ आली की माणूस पळतो. मीपण पळालो होतो."

"मी फाट्यावर बसलो होतो," समाधान म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "नुसता बसलो होतो. मॅडमनं इचारलं होतं, गळा दाबताना बायको काय म्हनत होती. मला सांगता येईना." मग लगेच, "भाऊ, मी दर गुरुवारी येतो. आई शप्पथ. तिला म्हना, आत्ता घरी ये. आत्ताच. नाहीतर मी काहीतरी पिऊन जीव देतो, आन ते तिच्या डोक्यावर राहील."

वर्षालीला वाटलं, उठावं आणि बाहेर जावं. आजपर्यंत या वाक्यावर ती नेहमी उठली होती. तिने मुलीला आणखी घट्ट धरलं.

"तिच्या डोक्यावर काही नाही," बरकत हळू पण ठाम बोलला. "जिवाचं बोललास, तर आता मी तुला एकटं सोडत नाही. ग्रुपमधले मोहनराव पण येतायत. आपण डॉक्टरकडे जाऊ, मग आकुर्डीला बसू. पण ती परत येईल असं मी कबूल करणार नाही. मॅडमही करणार नाहीत. माझी परत नाही आली."

"मग मी कामून येऊ?"

"ते मला नाही सांगता येणार, राव. मी आलो तेव्हा मलापण ठाऊक नव्हतं. मला फक्त माझ्या हातांची भीती वाटत होती."

समाधान पायरीवर बसला असावा, कारण त्याच्या रडण्याचा आवाज खालून यायला लागला. परतूरला भावासमोर रडला होता तसंच हे रडणं होतं की वेगळं, वर्षालीला कळलं नाही. कळून घ्यायची तिला इच्छाही राहिली नव्हती. दुसरी गाडी आली. कुणीतरी "चल" म्हणालं. एकदा समाधान मोठ्याने "सोडा मला" असं ओरडला, आणि तिला वाटलं सुटला, आता आला. पण मोटारसायकली सुरू झाल्या आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्यांचा आवाज विरला.

शालनबाई पडदा सारून आत आली. "गेलं," ती म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती ओट्याला धरून खाली बसली आणि म्हणाली, "पानी दे गं मला."

वर्षालीने ओट्याखालून बाहेर येऊन तिला पाणी दिलं. मॅडमची रिक्षा आली तेव्हा ती पिशवी आणि मुलीला घेऊन वाकूनच गल्लीतून धावली आणि मागच्या सीटवर तिला कुशीत घेऊन आडवी झाली. काळेवाडीचा पूल ओलांडेपर्यंत तिने डोकं वर काढलं नाही.

पुढे मॅडमनी तिच्यासोबत जाऊन पोलिसांत तक्रार दिली. समाधानने तिच्याजवळ यायचं नाही असा कोर्टाचा आदेश झाला. तिला दुसऱ्या भागात राहायला खोली आणि शिवणकाम मिळालं. भावाने फोनवर विचारलं, "तो सुधारतोय म्हणतात, मग आता काय हरकत?" तिने फोन ठेवला. तो नंबर परत लावलाही नाही.

समाधान त्या दिवशी आकुर्डीला गेला, पुढच्या गुरुवारीही गेला, मग पुन्हा गायब झाला. बरकत त्याच्या कंपनीच्या बस थांब्यावर जाऊन उभा राहायचा. कधी समाधान त्याला टाळून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. कधी त्याच्या गाडीवर मागे बसायचा. हे सगळं वर्षालीला मॅडमकडून कळायचं, तेही तिने विचारलं तरच.

उन्हाळा लागला तेव्हा मॅडम तिला भेटायला आल्या. "समाधान यांनी एक निरोप द्यायला सांगितलाय," त्या म्हणाल्या. "ग्रुपमध्ये सगळ्यांसमोर बोलले, आणि तुम्हाला कळवा म्हणाले. ऐकायचा नसेल तर मी नाही सांगत."

वर्षालीने मशीनवरचा पाय काढला. दाराला आतून कडी आहे ना, ते एकदा बघितलं. "सांगा."

"ते म्हणाले, गळा दाबताना ती म्हणत होती, योगू बघतेय. मला ऐकू येत होतं. मी तरी सोडलं नाही."

वर्षालीचा हात आपोआप गळ्याकडे गेला. ते वाक्य तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. भावाला नाही, मॅडमनाही नाही. त्याला ऐकू गेलं नसेल, असं समजून ती इतके दिवस जगत होती. राग आला की रडू, ते तिला कळेना.

"त्याला इथला पत्ता ठाऊक नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"कुणी सांगणार नाही ना? बरकतभाऊसुद्धा?"

"त्यांनाही ठाऊक नाही."

"मग त्याला एवढंच कळवा, की निरोप पोचला. बाकी काही नको."

"त्यांनी जायचं चालू ठेवावं, असं काही सांगू?"

खिडकीबाहेर योगिनी शेजारच्या मुलींबरोबर खेळत होती, ओरडत होती, आणि तिच्या ओरडण्याने आपण दचकत नाही आहोत हे वर्षालीच्या ध्यानात आलं.

"जाऊ दे त्याला," ती म्हणाली. "पण माझ्यासाठी नको म्हणावं."

मॅडम गेल्यावर तिने उरलेली शिलाई पूर्ण केली. संध्याकाळी ती बाजारातून भाजी घेऊन येत होती. रस्त्याच्या पलीकडे एक माणूस खांदा थोडा वाकडा करून चालत होता, अगदी समाधानसारखा. तिने योगिनीचा हात ओढला आणि किराणा दुकानात शिरून तेलाच्या डब्यांच्या मागे उभी राहिली. माणूस जवळ आला, पुढे गेला. कुणीतरी दुसराच होता. दुकानदाराने विचारलं, "काय देऊ ताई?"

योगिनीच म्हणाली, "गूळ."

"अर्धा किलो गूळ द्या," वर्षाली म्हणाली, आणि बाहेरचा रस्ता नीट बघून घेऊन मुलीसोबत घराकडे चालायला लागली.